समुद्रावरचे कौटुंबिक फोटो : साताऱ्यातील एका नवख्या छायाचित्रकाराच्या सेवेविषयी

आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा घरात बरीच चर्चा होऊन असे ठरले की, कार्यालय, आचारी आणि हारतुरे यांवर पैसे घालण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून दोन दिवस गुहागरला जावे आणि समुद्रावर कुटुंबाचे चांगले फोटो काढून घ्यावेत. संपूर्ण कुटुंबाचा म्हणावा असा आमच्याकडे एकच फोटो होता. १९८४ साली साताऱ्यातल्या एका स्टुडिओत काढलेल्या त्या कृष्णधवल फोटोत मागे रंगवलेला पडदा आहे, पडद्यावर लाटा आणि नारळाचे झाड आहे, आणि आम्ही भावंडे कपाळाला आठ्या घालून ताठ उभे आहोत. या वेळी समुद्र खरा असावा, एवढीच आईची अट होती.

छायाचित्रकार साताऱ्याहूनच न्यावा की गुहागरला गेल्यावर शोधावा, हा पहिला प्रश्न होता. साताऱ्यातल्या दोन जुन्या स्टुडिओंनी दोन दिवसांचे १८,००० आणि २२,००० रुपये सांगितले, प्रवास आणि मुक्काम वेगळा. त्याच सुमारास माझ्या सुनेने गोडोलीतल्या एका तरुणाचे नाव सुचवले. तो तोवर लग्नांत दुसरा कॅमेरा सांभाळत असे आणि स्वतःची म्हणावी अशी पाच-सहाच कामे त्याने केली होती. त्याने काढलेले संगम माहुलीच्या घाटावरचे आणि कासच्या पठारावरचे फोटो आम्ही पाहिले. ते आम्हाला आवडले, आणि ‘समुद्रावर मी अजून काम केलेले नाही’ हे त्याने आपणहून सांगितले, ते त्याहून आवडले. तो माझ्या मुलापेक्षाही लहान असल्यामुळे पुढे त्याच्याविषयी एकेरीत लिहितो. त्यात अनादर नाही.

दर विचारला तेव्हा त्याने फोनवर सांगितले, “साडेचार हजार, काका. सगळं मिळून.” मी एका पतसंस्थेत एकोणतीस वर्षे हिशेब पाहिले आहेत, आणि ‘सगळं मिळून’ हा शब्दप्रयोग कानावर पडताच माझ्यातला जुना हिशेबनीस जागा व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण रक्कम ऐकून मी खूश झालो होतो. या व्यवहारात पुढे जे काही बिनसले ते बहुतेक या दोन शब्दांमुळे बिनसले, आणि त्यात निम्मी चूक माझी होती. १,००० रुपये आगाऊ दिले, बाकी फोटो मिळाल्यावर द्यायचे ठरले, आणि कागदावर कोणीच काही लिहिले नाही.

तारीख ठरवताना मात्र त्याने मला चकित केले. आम्हाला जानेवारीतला कोणताही शनिवार-रविवार चालणार होता. त्याने पंचांग मागितले. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात: अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या तोंडावर भरती आणि तिथून सहा तासांनी, साधारण सूर्यास्ताला, ओहोटी. हा ठोकताळा आहे, घड्याळाचा काटा नव्हे, पण कामापुरता पुरतो. अष्टमीच्या संध्याकाळी गेलो तर पाणी वरपर्यंत चढलेले आणि उभे राहायला कोरड्या वाळूची अरुंद पट्टी, एवढेच हाती लागले असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी दूरवर ओसरते आणि मागे जी ओली, गुळगुळीत वाळू राहते तिच्यात आभाळ आणि माणसे दोन्ही उतरतात. २५ जानेवारी २०२४ रोजी पौष पौर्णिमा होती आणि २६ ला शुक्रवारची सुट्टी; म्हणून २६ आणि २७ ठरले. हे त्याला चिपळूणकडच्या एका मित्राने शिकवले होते. शिकून वापरले, हे महत्त्वाचे.

पंचांग पाहिले, पण कॅलेंडरवरच्या लाल तारखेला गर्दी किती होईल, हे पाहिले नाही. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून आमचा टेम्पो ट्रॅव्हलर साडेदहाला गुहागरला पोहोचला, तेव्हा प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीमुळे निम्मे पश्चिम महाराष्ट्र तिथे आधीच उतरलेले दिसले. संध्याकाळी आमच्या फोटोंच्या मागे घोडागाडी, भेळेचे गाडे आणि पाण्यात उड्या मारणारा एक अख्खा क्रिकेट संघ होता. गुहागरचा किनारा लांबच लांब असल्यामुळे गर्दीपासून दूर चालत जाता आले, पण वाळूतून चालणे आईला सोसेना, आणि खुर्ची उचलून नेण्यात उजेडाची चांगली पंचवीस मिनिटे गेली. वयस्कर माणूस सोबत असेल तर सुट्टीची तारीख टाळावी, हे आता आम्हालाही कळले आणि त्यालाही.

फोटो काढण्याच्या बाबतीत मला जे लिहायचे आहे ते थोडे सविस्तर लिहितो, कारण साताऱ्याच्या माणसाला समुद्रावरच्या उजेडाचा अंदाज नसतो. आपल्याकडे सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड जातो, तो खऱ्या सूर्यास्ताच्या बराच आधी. त्यामुळे आपली संध्याकाळ सावलीत, मऊ उजेडात सरते आणि चेहरे आपोआप चांगले येतात. समुद्रावर तसे होत नाही. तिथे पश्चिमेला काहीही आड नाही, सूर्य पाण्याला टेकेपर्यंत समोर असतो, आणि कोकणातला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे समुद्र मागे घेऊन उभे राहिले की सूर्यही मागे येतो. मग कॅमेऱ्याने आभाळाचा उजेड धरला तर माणसांच्या काळ्या आकृत्या होतात. चेहऱ्यांचा धरला तर आभाळ पांढरेफटक होऊन ज्या सूर्यास्तासाठी एवढ्या लांब आलो तोच निघून जातो.

त्याने आम्हाला साडेचारला किनाऱ्यावर बोलावले, ही पहिली चूक. त्या दिवशी सूर्यास्त साडेसहाच्या आत-बाहेर होता आणि साडेचारचे ऊन अजून कडक होते. त्या पहिल्या पाऊण तासातल्या फोटोंत अकराच्या अकरा माणसे डोळे बारीक करून बसली आहेत आणि १९८४ च्या आठ्या परत आल्या आहेत. साडेपाचनंतर उजेड उतरला, तेव्हा त्याने आम्हाला समुद्राकडे पाठ करून उभे न करता किनाऱ्याच्या रेषेत उभे केले, म्हणजे सूर्य एका बाजूने आला आणि समुद्र फोटोच्या एका कडेला राहिला. इथे काम जमू लागले.

पण सगळ्यांना ‘मागे बुडता सूर्य’ असा एक फोटो हवाच होता. त्यासाठी त्याच्याकडे कॅमेऱ्यावर बसणारा एक छोटा फ्लॅश आणि घडीचा गोल रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारी तबकडी, होता. दोन माणसांना पुरेल एवढा तो फ्लॅश अकरा माणसांना पुरला नाही. मधले चार चेहरे उजळले, कडेचे अंधारात राहिले, आणि माझ्या चष्म्यात दोन पांढरे ठिपके आले. रिफ्लेक्टर धरायला माणूस आणलेला नव्हता, म्हणून दाजींनी तो धरायचे कबूल केले आणि स्वतः फोटोतून बाद झाले. समुद्रावरचा वारा त्या तबकडीत शिडासारखा भरला, आणि चौऱ्याण्णव किलोचे आमचे दाजी तिच्यामागून चार पावले फरपटत गेले. तेवढा क्षण त्याने बरोबर टिपला आहे आणि तो फोटो आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा पाहिला जातो. पण व्यवसाय म्हणून पाहिले, तर मोठ्या कुटुंबाचे काम घेताना मदतनीस हवाच; तो खर्च दरात धरायला हवा, ग्राहकाच्या जावयावर टाकायला नको.

खरी मोठी चूक तिथे कोणाच्या लक्षात आली नाही. उजेड कमी होऊ लागला तसे त्याने लेन्सचे छिद्र मोठे केले, म्हणजे एफ/२ च्या आसपास नेले. एक-दोन माणसांच्या फोटोला ते शोभते, कारण मागचे सगळे पुसट होऊन चेहरा उठून दिसतो. पण आम्ही दोन रांगांत होतो, पाच बसलेले आणि सहा उभे. नेम पुढच्या रांगेवर धरला गेला आणि मागची रांग किंचित पुसट आली. मोबाइलवर हे अजिबात कळले नाही. मोठी प्रिंट काढली तेव्हा आईच्या हिरव्या इरकलीचा काठ धाग्यासकट दिसत होता आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या भावाच्या मिश्या ओघळल्यासारख्या दिसत होत्या. दोन रांगा असल्या की छिद्र लहान, म्हणजे एफ/५.६ ते एफ/८ ठेवावे (आकडा मोठा तसे छिद्र लहान), उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा आणि थोडे दाणे सोसावेत, हे तो आता स्वतःच सांगतो. दाणेदार फोटो माणूस खपवून घेतो, पुसट चेहरा नाही.

त्याला आणि आम्हाला वाचवले ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळने, आणि गंमत म्हणजे ती सकाळ कामात धरलेलीच नव्हती. “उठलात तर येऊ या अर्धा तास,” असे तो रात्री जेवताना सहज म्हणाला होता. सव्वासातला आम्ही गेलो तेव्हा किनारा जवळजवळ मोकळा होता. पाणी पुन्हा ओसरलेले होते आणि सूर्य उगवला असला तरी सुरूच्या आणि माडांच्या मागे होता, त्यामुळे अख्खी वाळू सावलीत होती. समुद्र मागे घेऊन उभे राहिलो, तर तोंड झाडांकडे, आभाळाच्या मऊ उजेडात. डोळे दिपत नाहीत, चष्म्यात ठिपके नाहीत, फ्लॅश नको, रिफ्लेक्टर नको. मागे समुद्र निळसर, शांत. हा उजेड फार तर चाळीस मिनिटे टिकला. सूर्य झाडांच्या वर आला आणि पुन्हा डोळे मिटू लागले. पण तेवढ्या वेळात त्याने कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, एफ/८ ला, एकाच जागेवरून लागोपाठ चौदा फोटो घेतले, कारण अकरा माणसांपैकी कोणीतरी डोळे मिटतेच. आज आमच्या बैठकीत लावलेला फोटो त्या चौदांपैकी नववा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कुटुंबाचा फोटो काढायचा असेल तर लोक संध्याकाळ मागतात; मी सकाळ मागेन.

सुट्या फोटोंत त्याचा हात फार चांगला आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तीन वर्षांचा माझा नातू लाटेला घाबरत होता. त्याला ‘इकडे बघ, हस’ असे एकदाही न म्हणता याने माझे पाय वाळूत पुरायचे काम त्याला दिले, आणि स्वतः वीस पावले मागे जाऊन लांब लेन्सने बसून राहिला. त्यातला एक फोटो असा आहे: आईने ओला झालेला साडीचा काठ एका हाताने उचलून धरला आहे, दुसऱ्या हाताच्या करंगळीला पणतू लोंबकळतो आहे, पोराच्या मुठीतून वाळू गळते आहे आणि ती धार हवेत थांबलेली आहे. आई त्याच्याकडे पाहत नाही. ती पाण्याकडे, आता येणाऱ्या लाटेकडे पाहते आहे, आणि पायाची बोटे तिने वाळूत रोवली आहेत. असा फोटो सांगून काढता येत नाही. यंत्राची काळजीही त्याने नीट घेतली. वाऱ्यावर खारे तुषार येऊन लेन्सवर धुरकट थर बसतो, तो दर थोड्या वेळाने मऊ कापडाने पुसत होता, आणि लेन्स बदलायची असेल तेव्हा गाडीत जाऊन, दार लावून बदलत होता. वाळूचा एक कण कॅमेऱ्यात गेला तर महिन्याची कमाई जाते, असे तो म्हणाला.

कपड्यांविषयी त्याचा सल्ला असा होता की, आईची हिरवी इरकल धरून बाकीच्यांनी फिके, साधे रंग घालावेत आणि सगळ्यांनी पांढरेशुभ्र घालू नये, कारण वाळूचा परतलेला उजेड पांढऱ्यावर पडला की कापडाची वीणही दिसेनाशी होते. माझ्या भावाने हा सल्ला न मानता केशरी टी-शर्ट घातला. फोटोत त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पुतणीचा गाल एका बाजूने केशरी आला आहे.

आता पैशांकडे येतो. त्याने एकूण ६४० फोटो घेतले होते. दहा दिवसांत देतो म्हणाला होता, एकोणिसाव्या दिवशी पेन ड्राइव्ह आणून दिला आणि त्यात तीस फोटो होते. ‘सगळं मिळून’ याचा अर्थ आम्ही सगळे फोटो असा घेतला होता. त्याच्या मनात तीस निवडक, रंग-उजेड दुरुस्त केलेले फोटो होते आणि त्यापुढील प्रत्येकाला १०० रुपये. घरात नाराजी झाली, बहीण तर सरळ ‘फसवणूक’ म्हणाली. मी त्याला घरी बोलावले, चहा दिला, आणि आम्ही दोघांनी कागद घेऊन त्याचा हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण नव्याने हा धंदा करणाऱ्यांना आणि त्यांच्याशी घासाघीस करणाऱ्यांना, दोघांनाही तो पाहण्यासारखा आहे.

मिळकत ४,५००. त्यातून लांब लेन्सचे दोन दिवसांचे भाडे १,२०० आणि पेन ड्राइव्हचे ३५० गेले, उरले २,९५०. प्रवास आमच्या गाडीतून आणि मुक्काम-जेवण आमच्याकडे, म्हणून तो खर्च शून्य धरला. कॅमेरा आणि त्याच्या स्वतःच्या लेन्स मिळून ९०,००० रुपयांचे सामान. चार वर्षांत त्याचा घसारा धरला तर वर्षाला २२,५००, आणि वर्षाला तीस कामे मिळतात असे मानले तर प्रत्येक कामावर ७५० रुपये. ही रक्कम कोणी नवशिका धरत नाही, आणि कॅमेरा बिघडतो त्या दिवशी ती एकरकमी आठवते. उरले २,२००. आता तास मोजू. जाऊन-येऊन दहा तास, दोन्ही दिवसांचे मिळून प्रत्यक्ष काम तीन तास, ६४० मधून निवड करायला दोन, तीस फोटो प्रत्येकी चौदा-पंधरा मिनिटांप्रमाणे दुरुस्त करायला सात, एकूण बावीस. म्हणजे तासाला शंभर रुपये. तो गप्प बसून कागदाकडे पाहत राहिला. त्याने साडेचार हजार हा आकडा कुठून आणला, असे मी विचारले, तेव्हा म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं, काका.”

या सेवेविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती दर जास्त असल्याची नाही. दर कमी होता, आणि कमी असल्यामुळेच संदिग्ध होता. पुरेसे पैसे मिळत नाहीत हे माहीत असलेला माणूस किती फोटो देणार, किती दिवसांत देणार, हे आधी बोलायला कचरतो. मदतनीस आणत नाही. मोठा फ्लॅश भाड्याने घेत नाही. आणि मग जिथे काटकसर केली नेमके तिथेच काम उघडे पडते. आमच्या पुसट मागच्या रांगेचे मूळ काही अंशी त्या फ्लॅशच्या न दिलेल्या भाड्यात आहे. आम्ही आणखी वीस फोटो २,००० रुपयांना घेतले. ते सगळे चांगले निघाले. पुसट फोटोची रक्कम वळती करून घ्यायची त्याची तयारी होती. मी ती घेतली नाही, कारण सकाळचा अर्धा तासही त्याने मोजला नव्हता.

कुटुंबातल्या लहान मुलांच्या फोटोंबाबत तो नीट वागला, हे नोंदवतो. आमचे फोटो त्याला आपल्या इन्स्टाग्रामवर घालायचे होते. त्याने आधी विचारले, सुनेने नातवाचा चेहरा नको म्हटले, आणि आजवर एकही तसा फोटो तिथे दिसलेला नाही.

त्यानंतर त्याने दरपत्रक तयार केले आणि मला व्हॉट्सॲपवर दाखवायला पाठवले. कोकणातल्या दोन दिवसांच्या कामाला आता तो ९,५०० रुपये घेतो. त्यात एक संध्याकाळ, एक सकाळ आणि चाळीस दुरुस्त केलेले फोटो पंधरा दिवसांत. जादा फोटोचा दर, मदतनिसाचा आणि फ्लॅशच्या भाड्याचा खर्च वेगळा लिहिलेला आहे, प्रवास-मुक्काम ग्राहकाकडे, एक तृतीयांश रक्कम तारीख ठरवताना आणि पाऊस किंवा आजारपणामुळे तारीख बदलावी लागली तर ती पुढे धरली जाते. वरच्याच पद्धतीने मोजले तर त्याला आता तासाला तीनशेच्या आसपास सुटतात. जुन्या स्टुडिओंच्या निम्म्याने हा दर आहे आणि मला तो रास्त वाटतो. गेल्या वर्षी भाचीच्या मुलाच्या बारशाला आम्ही त्यालाच बोलावले आणि दरपत्रकाप्रमाणे, न घासता पैसे दिले.

एक गोष्ट मात्र त्याच्या दरपत्रकात अजून नाही, ती मी त्याला पुन्हा सांगणार आहे. आम्ही आधीच १० बाय १२ इंचांची सागवानी चौकट करून ठेवली होती. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या प्रमाणात येतो; दहा इंच उंची धरली तर रुंदी पंधरा इंच होते, आणि चौकट बाराच इंचांची, म्हणजे दोन्ही कडांनी दीड-दीड इंच कापले जाते. आमच्या फोटोत एका कडेला बहीण होती आणि दुसऱ्या कडेला दाजी. नवरा-बायको दोघेही निम्मे निम्मे कापले गेले, तेव्हा लॅबवाल्याने फोन करून ‘असेच काढू का?’ असे विचारले म्हणून बरे. शेवटी १२ बाय १८ ची प्रिंट काढली, ती न कापता पूर्ण बसते, आणि तिच्यासाठी नवी चौकट केली. फोटो कोणत्या मापात लावणार हे काढण्याआधी विचारले असते, तर दोन्ही कडांना हातभर समुद्र सोडता आला असता. सागवानी चौकट अजून माळ्यावरच आहे.